बाळाला बर्फात न्या खुशाल, पण आधी कोण किती वाजता स्की करणार ते कागदावर लिहा

ह्या वेळचं पत्र म्युनिकहून आलंय. पूर्ण छापलं तर माझ्या उत्तराला जागाच उरणार नाही, म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते.

"ताई, आमची मुलगी आत्ता ६ महिन्यांची आहे. नवऱ्याच्या मित्रांचा ग्रुप दर वर्षी फाशिंगच्या सुट्टीत, म्हणजे फेब्रुवारीत, ऑस्ट्रियात स्कीइंगला जातो. ह्या वर्षी होखगुर्गलला सगळ्यांना मिळून एक मोठं शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, बघितलंय, ६ रात्री, आणि रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. जानेवारीत सासूबाई साताऱ्याहून येतायत, मार्चपर्यंत आहेत. नवरा म्हणतो आई आहे ना, ती बाळाला बघेल, नाहीतर मी कॅरियरमध्ये बांधून निळ्या पिस्टवरून, म्हणजे सगळ्यात सोप्या स्कीउतारावरून, हळूहळू फिरवीन. सासूबाई फोनवर म्हणाल्या, एवढ्याशा लेकराला बर्फात नेणारे आईबाप मी बघितले नाहीत. मी स्वतः दोन सीझन शिकलेय, मला मनापासून आवडतं, जायचंय पण. पण बाळाला थंडी, उंची, सर्दी काही झालं तर सगळे मलाच बोलणार. मी स्वार्थी आहे का? आणि रविवारी मित्रांना काय सांगू?"

हे बघ, स्वार्थीबिर्थी काही नाहीयेस. बाळ झालं म्हणून आईची हौस मिटत नाही आणि मिटायचं कारणही नाही. तर जा. पण होखगुर्गलला नको, त्या शॅलेत नको आणि नवऱ्याच्या ह्या प्लॅनने तर अजिबात नको. का ते सांगते, लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी उंचीचं बघू कारण घाबरवणारी गोष्ट तीच असते आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी काहीही बोललं जातं. आपलं महाबळेश्वर १३७२ मीटरवर आहे, कळसूबाईचं टोक १६४६ मीटर. होखगुर्गल गाव आहे २१५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून अजून पाचशे मीटर वर जाऊन तिथे सहा रात्री झोपायचं, आणि तिथल्या लिफ्ट तर ३००० च्याही वर जातात. अगदी लहान बाळांना २५०० मीटरच्या वर मुक्कामाला नेऊ नका असं डॉक्टर सर्रास सांगतात आणि बरेचसे बालरोगतज्ज्ञ २००० च्या आसपासच रेघ ओढतात. म्हणजे २१५० वर बाळाला हमखास काही होतं असं नाही, तिथेही लोक बाळं घेऊन जातात आणि मजेत परत येतात. पण मोठ्या माणसाचं डोकं दुखलं तर तो सांगतो, डोकं दुखतंय. बाळ काय करणार, रडणार, दूध नको म्हणणार, ओकणार, रात्रभर झोपणार नाही. आता हे दात येतायत म्हणून की सर्दी म्हणून की उंचीमुळे, हे रात्री २ वाजता तुला कसं कळणार? नाही कळणार. अशा वेळी एकच करायचं असतं, खाली यायचं, आणि होखगुर्गल ओट्झटाल खोऱ्याच्या अगदी टोकाला आहे, तिथून रात्री बर्फात गाडी काढून खाली येणं म्हणजे काय ते तुझ्या नवऱ्याला नीट माहितीये.

तो म्हणेल की आपण बाळाला घेऊन भारतात जाणारच आहोत, विमानात चालतं मग हे का नाही. मुद्दा बरोबर आहे त्याचा, विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तसाच ठेवतात. पण तो आठ-नऊ तासांचा मामला आहे आणि नंतर आपण खाली उतरतो. इथे सहा रात्री आहेत. शिवाय आपल्याकडे निवड आहे ना, १२०० मीटरवर किंवा ७५० मीटरवर चांगलं स्की गाव मिळत असताना २१५० चा हट्ट कशाला.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल, हृदयाचं किंवा फुफ्फुसाचं काही असेल, किंवा नुकताच छातीत कफ होऊन गेला असेल तर हे सगळं बाजूला ठेव आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच बुक करू नकोस. नसलं तरी विचारच. उ-फ्युन्फ, म्हणजे बाळाची ठरलेली पाचवी तपासणी, ह्याच वयात असते, झाली नसेल तर तिथेच विचार, उंचीचा आकडा सांगून विचार. "डोंगरात नेऊ का" असं विचारलं तर डॉक्टर हसून हो म्हणतील.

आता वर जाताना कानांचं. गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची केबल कार, काही मिनिटांत शेकडो मीटर चढते, मोठ्यांचे कान बंद होतात तसेच बाळाचेही होतात, त्याला आवंढा गिळ म्हणून सांगता येत नाही म्हणून चढताना-उतरताना पाजत राहायचं किंवा चोखणी द्यायची. नाक गच्च असेल त्या दिवशी वर जायचंच नाही. आणि ग्रुपमधलं कोणीतरी नक्की म्हणणार, चला ना बाळाला घेऊन ग्लेशियरवर, फोटो काढू. नाही म्हणायचं. फ्रान्समध्ये शामोनीला एग्वी दु मिदी शिखराची केबल कार ३७७७ मीटरवर जाते, तिथे ३ वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत, आणि तो नियम कोणाला त्रास द्यायला केलेला नाहीये.

निळ्या पिस्टबद्दल मला तुझ्या नवऱ्याशी थेट बोलायचंय, हा भाग त्याला वाचून दाखव. अरे बाबा, तू कितीही चांगला स्कीअर असशील, तू पडणार नाहीस हे मी मान्य करते घटकाभर. पण मागून येणारा पोरगा, ज्याने परवाच पहिल्यांदा स्की पायात घातलीये आणि ज्याला ब्रेक मारता येत नाही, तो नेमका निळ्या पिस्टवरच असतो, कारण नवशिके तिथेच असतात. नियमाने पुढच्या स्कीअरला सांभाळायची जबाबदारी मागच्याची आहे, पण नियम त्याला माहीत असून उपयोग नाही, थांबता यायला हवं. आणि बाळाची मान अजून इतकी नाजूक की हेल्मेट घातलं तर त्याच्या वजनानेच त्रास, म्हणजे हेल्मेटही नाही. पाठीवरच्या कॅरियरमध्ये बाळाचे पाय लोंबकळतात, रक्ताभिसरण मंदावतं, तू व्यायाम करून घामाघूम आणि बाळ मागे हालचाल न करता वाऱ्यात गारठतंय, तुला पत्ताही नाही. तर कॅरियर लावून स्की नाही, चेअरलिफ्ट नाही, उतारावरून वेगात स्लेज पण नाही. विषय संपला. सपाट रस्त्यावर, नीट बसता येणाऱ्या बाळाला पाठीला टेका असलेल्या स्लेजमध्ये बसवून हळू ओढत न्यायचं, तेवढं चालेल आणि त्यात त्याला मजाही येते.

बरं आता एक गोष्ट जी तुमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. तू पत्रात जे बाळ डोळ्यासमोर ठेवून लिहिलंयस ते ६ महिन्यांचं आहे, जिथे ठेवलं तिथेच पडून राहणारं, कोणाच्याही कडेवर हसणारं. फेब्रुवारीत ती ९ महिन्यांची असेल. ९ महिन्यांचं बाळ रांगतं, टेबलाला धरून उभं राहतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि अनोळखी चेहरा दिसला की भोकाड पसरतं. आता ते शॅले आठव. लाकडी जिना, गरम काखेलओफन (टाइल्सची मोठी शेगडी), दाराशी वितळलेल्या बर्फाचं पाणी आणि बूट, टेबलावर शेंगदाणे आणि ग्लास, संध्याकाळी सातनंतर दंगा, आणि त्यात तू सव्वासातला बाळाला झोपवायला वर गेलीस ती गेलीसच. रात्री ती रडली की सगळे जागे, सकाळी सगळे "अगं काही नाही, आम्ही मस्त झोपलो" म्हणणार आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं होणार. म्हणून वेगळं अपार्टमेंट, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत, त्याच गावात. ग्रुपला जेवायला बोलवा, स्वतः रात्री आपल्या घरी.

पाळणाघराचा पर्याय तू विचारला नाहीयेस पण वाचणाऱ्या बाकीच्या विचारतील. स्कीशाळा साधारण ३ वर्षांपासून मुलं घेतात. त्याहून लहान बाळांना घेणाऱ्या जागा काही गावांत असतात, फ्रान्समध्ये जास्त, पण त्या शरद ऋतूतच भरतात आणि लसीकरणाचे कागद मागतात. तरी माझं मत विचारशील तर ९ महिन्यांच्या बाळाला नको. तुमच्या तिथे कीटामध्ये, म्हणजे जर्मन पाळणाघरात, बाळ रुळवायला आठवडेच्या आठवडे आईला सोबत बसवतात, आणि इथे सोमवारी सकाळी ९ वाजता परक्या बाईच्या हातात देऊन आपण लिफ्टच्या रांगेत? त्या बायका चांगल्या असतात गं, पण सहा दिवसांतले चार रडण्यात जातील आणि तुझं अर्धं लक्ष मोबाईलवर.

मग उरल्या सासूबाई. खरं सांगायचं तर तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, थंडीत नाही आणि उंचीत पण नाही. "आई आहे ना" हे वाक्य कोणी आईंना विचारून म्हटलंय का? त्या साताऱ्याहून नातीला भेटायला येतायत, त्यांनी आयुष्यात बर्फ बघितलेला नाही, भाषा येत नाही, रस्ते निसरडे, आणि तुम्ही त्यांना सहा दिवस सकाळी ९ ते ४ परक्या गावात बाळासोबत कोंडणार, वर त्या घाबरून "लेकराला नेऊ नका" म्हणाल्या तर त्यांना मागासलेलं ठरवणार. त्यांचं वाक्य टोचलं असेल तुला, पण त्यात मला टोमण्यापेक्षा भीती जास्त ऐकू येतेय, आपल्याच गळ्यात जबाबदारी येणार आणि काही झालं तर आपल्याला डॉक्टरशी बोलतासुद्धा येणार नाही ही. ती भीती रास्त आहे. तर आधी त्यांना विचारा, तुझ्या नवऱ्याने विचारायचं, तू नाही. "आई, आम्ही दोघं दिवसातून दोन तास बाहेर असू, एवढा वेळ तू तिला बघशील का, की तेही नको वाटतं?" आणि नाही म्हणाल्या तर नाही. त्या फिरायला येतायत असं समजा.

आता ते कागदावर लिहायचं काय ते. मी बऱ्याच घरांत बघितलंय, जन्मापासून स्की करणाऱ्या इथल्या लोकांच्या घरातसुद्धा, बाळ झालं की पहिल्या वर्षी स्की हॉलिडेला भांडण ठरलेलं असतं आणि ते कधीच थंडीवरून नसतं. एकजण सकाळी "एक तास जाऊन येतो" म्हणून जातो, वर नेटवर्क नसतं, मित्र म्हणतात अजून एक रन, आणि तो तीन वाजता लाल गालांनी परत येतो तेव्हा दुसरीने दिवसभरात फक्त चार बाटल्या धुतलेल्या असतात. लिफ्ट साधारण ९ ला सुरू होतात आणि ४ च्या आसपास बंद. म्हणजे दिवसाचे सात तास. ते वाटून घ्या, तोंडी नाही, लिहून. एक दिवस सकाळी तो ९ ते साडेअकरा, तू १२ ते साडेतीन. दुसऱ्या दिवशी उलट, कारण सकाळचा कडक, मशीनने नीट सपाट केलेला पिस्ट आणि दुपारचा खड्डे पडलेला, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि चांगला वाटा रोज एकालाच मिळता कामा नये. आजी तयार असतील तर मधल्या दोन दिवशी दोघं मिळून दोन तास. आणि एक दिवस कोणीच स्की करायची नाही, सगळ्यांनी मिळून गोंडोलाने वर जाऊन उन्हात बसायचं किंवा घोड्याच्या गाडीतून फिरायचं, तो दिवस आजींचा. अर्ध्या दिवसाचं तिकीट बहुतेक ठिकाणी मिळतं, आणि काही ठिकाणी आईवडिलांनी आळीपाळीने वापरायचा एकच पास असतो, काउंटरवर नक्की विचारा, पैसे बरेच वाचतात. तू अंगावर पाजत असशील तर तुझी साडेतीन तासांची पाळी छातीला जड जाईल, पाजून लगेच निघ आणि पंप सोबत असू दे. आणि तुझं रुकबिल्डुंग, म्हणजे बाळंतपणानंतरच्या व्यायामाचा कोर्स, झालंय का? झालं नसेल तर आधी ते कर, ते बाळंतपणानंतर ९ महिन्यांच्या आत पूर्ण केलं तर क्रांकनकासं (आरोग्य विमा) पैसे देते, आणि तुझी हेबामे (सुईण) तुला मोकळेपणी सांगेल की आत्ता स्कीचे झटके शरीराला झेपतील की नाही.

मग जायचं कुठे. ग्रुप सोडायचा नसेल तर त्यांना झेल आम झे सुचव. गाव ७५७ मीटरवर, तळ्याकाठी, रेल्वे स्टेशन गावातच, गावातूनच लिफ्ट वर जाते, आणि ज्यांना उंच बर्फ हवाय त्यांना शेजारी काप्रुनला किट्झश्टाइनहॉर्न ग्लेशियर आहे, ३००० च्या वर, जाऊ देत बापडे. बाळ आणि आजी रात्री ७५० मीटरवर झोपतील. तळ्याकाठचा सपाट रस्ता बाबागाडीला उत्तम आणि गावात हॉस्पिटल आहे. एवढ्या खाली कधी कधी बर्फाऐवजी पाऊस पडतो ही त्याची वाईट बाजू, पण ती स्कीवाल्यांची, तुमची नाही.

ग्रुपचा मोह आवरता आला तर मात्र मी तुला झेफेल्ड सांगेन. १२०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही खाली. म्युनिकहून गार्मिश, मिटेनवाल्ड करत ट्रेन थेट जाते, अडीच तासांच्या आत-बाहेर, म्हणजे बाळाला सीटमध्ये जखडून ट्रॅफिकमध्ये बसायला नको. पठारावरचं गाव आहे त्यामुळे चढ-उतार कमी, हिवाळ्यात चालायचे रस्ते साफ करून ठेवतात, घोडागाड्या आहेत, आणि इन्सब्रुक खाली अगदी जवळ, तिथे मोठं युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे, मुलांच्या वेगळ्या विभागासकट. १९६४ आणि १९७६ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमधल्या क्रॉसकंट्रीच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्कीच्या, स्पर्धा इथेच झाल्या, क्रॉसकंट्रीची पंढरी म्हण ना. डाउनहिलसाठी, म्हणजे उतारावरच्या स्कीसाठी, रॉसह्युट्टं आणि ग्श्वांटकॉप्फ असे दोन छोटे भाग आहेत. पट्टीच्या स्कीअरला दोन दिवसांत कंटाळा येईल हे खरंय, पण दोन सीझन शिकलेल्या आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा उतरणाऱ्या बाईला एवढं पुरे. ह्याच टिरोल प्रांतात झेरफाउस म्हणून गाव आहे, १४२७ मीटर, लहान मुलांच्या घरांमध्ये खूप प्रसिद्ध, गावात गाड्यांना मज्जाव आणि १९८५ पासून गावाखालून छोटी भुयारी रेल्वे धावते, पोरांना भारी वाटते ती. महाग मात्र आहे.

आणि फाशिंगची सुट्टीच का? तुमच्या बाळाला कुठे शाळा आहे! त्या आठवड्यात अख्खं बायर्न (बव्हेरिया) ऑस्ट्रियाकडे निघतं, शनिवारी हायवे तुंबतो, भाडं चढतं, पिस्टवर गर्दी. मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जा, दिवस मोठा, ऊन उबदार, बाळाला बाहेर जास्त वेळ ठेवता येतं, सासूबाई तोवर इथेच आहेत. दुपारी बर्फ चिखलासारखा होतो, होऊ दे.

थंडीचं खरं तर सोपं आहे, तुम्ही म्युनिकमध्ये राहता, बाळाला रोज बाहेर नेतच असशील. आपल्यापेक्षा एक थर जास्त, आतला थर लोकरीचा, हात-पाय गार लागले तरी मानेच्या मागे बोट घालून बघ, तिथे ऊब असेल तर ठीक, घाम असेल तर जास्त झालंय. बाबागाडीत बाळ हालचाल करत नाही हे विसरायचं नाही, एका वेळी अर्धा तास बाहेर आणि मग आत, उणे १० आणि वारा असेल तर आतच. गाडीने गेलात तर जाड स्नोसूट घालून कारसीटमध्ये बसवायचं नाही, अपघातात तो फुगलेला सूट दबतो आणि पट्टे सैल पडतात, त्यामुळे आतल्या कपड्यांवर पट्टा घट्ट आवळायचा आणि वरून पांघरूण. थंडीपेक्षा मला उन्हाची जास्त काळजी वाटते. दर १००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे बाबागाडीचं छत्र वरून येणारं अडवतं आणि खालून येणारं सरळ चेहऱ्यावर. पट्टा असलेला चांगला गॉगल, मुलांचं सनस्क्रीन, आणि भर दुपारी सावलीत.

सासूबाईंसोबत जी खडाजंगी व्हायची शक्यता आहे ती खोलीतल्या गोष्टींवरून. त्यांना रात्री कानटोपी, दोन स्वेटर, वरून दुलई असं सगळं हवं असेल. खोली १८ अंशांच्या आसपास आणि बाळ स्लीपिंग बॅगमध्ये, टोपी नाही, दुलई नाही, झोपेत बाळाला अति ऊब घातक असते, हे गोड बोलून पण ठामपणे सांग, किंवा हेही काम नवऱ्याला दे. ओव्याची धुरी तर बिलकुल नको, धूर बाळाच्या छातीला वाईट आणि वर फायर अलार्म वाजून अख्खी इमारत पायजम्यावर बर्फात उभी राहील. खोकल्याला मध नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देतच नाहीत, बोटावर लावून चाटवायचा तेवढाही नाही, आणि प्रवासात झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून द्यायचा सल्ला आला तर त्यालाही नाही. तेल लावून मालिश मात्र करू दे त्यांना रोज. हीटरने हवा इतकी कोरडी होते की बाळाचं अंग फुटतं, तिथे त्यांच्या हाताला तोड नाही, आणि त्यांनाही वाटेल आपलं काहीतरी ऐकलं.

जेवणाचं एवढंच की हाफबोर्ड हॉटेल, म्हणजे रात्रीचं जेवण तिथेच असलेलं, घेऊ नका, किचन असलेलं घर घ्या. संध्याकाळी साडेसहाला चीजच्या वासात आजी, बाळ आणि ओली स्की पँट घालून तुम्ही, हे चित्रच नको. मुगाची डाळ, तांदूळ, नाचणीचं सत्त्व घरूनच न्या. बाहेर शाकाहारी म्हणून जे मिळतं त्यात अंडं असतंच बऱ्याचदा, कायझरश्मारनमध्ये, श्पेट्झलमध्ये, सासूबाईंना चालत नसेल तर त्यांना हटकून मिळणारी गोष्ट म्हणजे फ्रेंच फ्राइज, आणि सहा दिवस कोणी फ्राइजवर राहू शकत नाही.

कागदपत्रं. जर्मनीत परतताना सीमेवर तपासणी होऊ शकते त्यामुळे सगळ्यांचे ओरिजिनल पासपोर्ट आणि आउफएन्टहाल्ट्सटिटेल (राहण्याचा परवाना) सोबत, बाळाचेही, वयाची सूट नाही. सासूबाईंच्या शेंगेन व्हिसावर ऑस्ट्रिया चालतो, त्यांच्या इन्शुरन्सचा कागद मात्र बॅगेत हवा. तुम्ही दोघं आल्पेनफेराइनचे, म्हणजे गिर्यारोहण संघाचे, मेंबर असाल तर डोंगरातल्या रेस्क्यूचं कव्हर त्यात येतं, नसाल तर काहीतरी घ्या, साध्या हेल्थ इन्शुरन्सवर हेलिकॉप्टर धरून चालू नका. तिकडे अँब्युलन्सचा नंबर १४४, नाहीतर ११२ सगळीकडे चालतो, सासूबाईंच्या फोनमध्ये दोन्ही सेव्ह करून एकदा दाखवून ठेव. त्यांच्या बुटांना लावायला रबरी पट्ट्यावरचे खिळे मिळतात ते पण घ्या, थोड्या युरोंचे असतात, त्या वयात खुबा मोडला तर सुट्टीचं काय व्हायचं ते बोलायला नको.

रविवारी मित्रांना काय सांगायचं हा तुझा शेवटचा प्रश्न. साधं सांगा. "आम्ही शॅलेमध्ये नाही, बाळासाठी जास्त उंच आहे. तुम्ही झेल आम झे घेत असाल तर आम्ही शेजारी वेगळं घर घेऊन येतो, नाहीतर ह्या वर्षी आम्ही आमचं जातो." ते ऐकणार नाहीत बहुतेक, होखगुर्गलच धरतील. मग नवऱ्याला म्हण, तू तीन रात्री जा त्यांच्याबरोबर, खुशाल जा, मी तोंड वाकडं करणार नाही. आणि तशाच तीन रात्री पुढच्या सीझनला माझ्या, मैत्रिणींबरोबर, बाळ तुझ्याकडे. तारखा आत्ताच कॅलेंडरला टाका दोघांच्याही, "पुढचं पुढे बघू" चालणार नाही. मार्चमध्ये तुम्ही चौघं झेफेल्डला जाताय ते वेगळं, त्यात हे धरायचं नाही.

बाळाला आदल्या दिवशी ताप, कानदुखी, घरघर काही असेल तर जायचं नाही, म्हणून कॅन्सल करता येणारंच बुकिंग घे, चार पैसे जास्त पडले तरी.

तुझी ताई

ता.क. छोटा कुकर नेशील तर त्याच्या तळाला चुंबक चिकटतंय का आधी बघ, तिकडच्या घरांमध्ये बरेचदा इंडक्शन असतं आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. कुकर नसेल तर डाळ दोन तास आधी भिजव, १२०० मीटरवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.